शंभरात दहा

२००८ सालचा दसरा. नांदेडला आमच्या अक्काचं घर, वेळ दुपारी सव्वा एक. पैज एक तोळा सोन्याची. हजर चौघे : माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे आमचे दाजी, मी, अक्का आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उदगीरहून आलेले आमचे वडील, अप्पा. पैजेचा कागद दोन प्रतींत झाला. दोन्हींवर दाजींची आणि माझी सही, साक्षीदार म्हणून अप्पांची. मजकूर माझ्या अक्षरात होता, कारण असले कागद घरात मीच लिहायचो. ‘२०२५ च्या दसऱ्यापर्यंत देशात तयार होणाऱ्या दर शंभर युनिट विजेत किमान दहा युनिटं अणुवीज असेल, असं दाजींचं म्हणणं. होणार नाही, असं माझं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला त्या दसऱ्याला एक तोळा सोनं द्यावं.’

तो दसरा यंदा येऊन गेला. दाजी त्याच्या सहा आठवडे आधी गेले.

दर रविवारी सकाळी अकराला आमचा फोन ठरलेला असे. लातूरला वीज कंपनीच्या बिल विभागात माझी नोकरी आहे. देशात महिन्याला किती वीज झाली, त्यात कोळशाची किती, पाण्याची किती, उन्हाची किती, अणूची किती, हे आकडे आले की मी एका वहीत उतरून ठेवतो आणि रविवारी दाजींना वाचून दाखवतो. त्या रविवारी अकराला फोन वाजला. नंबर त्यांचा, वेळ त्यांची. शेवटचे काही महिने त्यांचा आवाज जवळजवळ गेला होता. ते फोन लावून नुसते ऐकत आणि पटलं नाही की रिसिव्हरवर नखाने टकटक करत. म्हणून मी उचलल्याबरोबर सुरूच केलं, “दाजी, आकडे आले. लिहून घ्या...” मी कोळसा सांगितला, पाणी सांगितलं. टकटक आली नाही. मग अक्काचा आवाज आला, “वाचून झालं का तुझं? ते गेले रे, सकाळी.”

दाजी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. गावभर बसवराज सर, माझे मात्र दाजी आणि मी त्यांचा ‘साळेबुवा’. त्यांनी कधी अणुभट्टी पाहिली नव्हती. मी तरी कुठे पाहिली आहे? पण वर्गात ते शेंगदाणा हातात धरून सांगत, एवढंसं युरेनियम एका घराला किती दिवस पुरेल. मुलं घरी जाऊन शेंगदाण्याकडे संशयाने बघत असणार. २००८ च्या त्या दुपारी आम्ही पुरणपोळीवर बसलो होतो आणि लाईट गेली. त्या काळात आमच्याकडे दिवसाला बारा-बारा तास भारनियमन असायचं, त्यामुळे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. दाजी मात्र म्हणाले, “ही शेवटची काही वर्षं. आता अमेरिकेशी करार झालाय, युरेनियम येईल. वीस वर्षांनी पोरांना भारनियमन हा शब्द समजावून सांगावा लागेल.” मी म्हणालो, “सध्या शंभरात तीनसुद्धा नाही तुमची अणुवीज.” ते म्हणाले, “दहा होईल.” अप्पा डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. ते म्हणाले, “दोघं निसते बोलून राहिलेत. लावा की पैज.” तोळा हा शब्द दाजींनी काढला. “दसरा आहे, सोन्याचीच लागू द्या.” अक्का पोळी वाढता वाढता थांबली. “सोन्याची? लई झालं का घरात?”

मी सरळ माणूस आहे. सोनं म्हटलं की मला सोनंच दिसतं. त्या महिन्यात तोळ्याचा भाव काय होता तेही मी वहीत लिहून ठेवलं. पुढची सतरा वर्षं सोन्याचा भाव चढला की दाजींचा जादा फोन यायचा. “साळेबुवा, पेपर बघितला का? माघार घ्या, आत्ताच घ्या, लेकराच्या लग्नाला कामी येईल.” मी म्हणायचो, “भाव वाढून राहिला तो तुमच्या डोक्यावर. आकडा तीनच्या पुढे सरकून नाही राहिला.” अक्का मागून ओरडायची, “बंद करा ते तोळापुराण.” दरवर्षी दसऱ्याला मी लातूरहून नांदेडला जायचो. दाजींच्या हातात आपट्याची चार पानं ठेवायचो, माझ्या घरातल्या प्रत्येक माणसाचं एक, आणि पाया पडायचो. ते पानं सदऱ्याच्या खिशात टाकत आणि विचारत, “बोला, कितीवर आली?” टाळेबंदीच्या वर्षी जाता आलं नाही, तेव्हा मी पानं पाकिटातून पोस्टाने पाठवली. पाकिटावर मागच्या बाजूला त्या महिन्याचा आकडा लिहिला होता.

आमचे वाद काही नुसत्या थट्टेचे नव्हते. २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचं झालं, तेव्हा मी त्या रविवारची वाट पाहिली नाही, शुक्रवारीच टीव्ही बघता बघता फोन लावला. आज मला त्याची लाज वाटते. मी म्हणालो, “आता काय म्हणता?” उत्तरासाठी मी थांबलो नाही. किल्लारीचं काढलं. आम्ही लातूरची माणसं. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी नकाशावर आमचा भाग भूकंपाच्या दृष्टीने बिनघोर होता, हे दाजींनीच वर्गात शिकवलेलं. “नकाशावर किल्लारीपण सुरक्षितच होती, दाजी.” ते एवढंच म्हणाले, “आज नको, साळेबुवा. तिकडं माणसं घरं सोडून चाललीत.” फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून विषय काढला. त्यांचं म्हणणं असं, की भट्टी कुठे बांधायची हे ठरवताना नकाशावर विश्वास ठेवू नये हा माझा मुद्दा त्यांना मान्य आहे, आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च आपल्या हिशेबात धरलेला नव्हता. “लिहून ठेवा, हा मुद्दा तुमचा.” वहीत तसं आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आलं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं कोळशाचं वीज केंद्रही त्याआधी पाण्यावाचून बंद पडलेलं होतं. मी म्हणालो, “भट्टी थंड करायला पाणी लागतं ना? आमच्याकडं माणूस थंड करायला नाही.” दाजी म्हणाले, “भट्टी समुद्राकाठी बांधा. रेल्वेनं पाणी येतं तर तारेनं वीज नाही येणार?” मी तारेतली गळती काढली, ते कोळशाच्या खाणीतून येणाऱ्या मालगाड्या काढत बसले. त्या दिवशी फोन एक तास बावीस मिनिटं चालला. मला वाटतं, त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरपुढे घागर घेऊन उभं राहणारा मी एकटाच माणूस असेन, ज्याच्या कानाला लावलेल्या फोनवर अणुभट्टीचं भांडण चाललं होतं.

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो अप्पांच्या मातीला, उदगीरमध्ये. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. विधी आटोपला, माणसं पांगली, आम्ही दोघं खड्ड्याजवळच्या दगडावर बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “आपण माणूस पुरतो, दाजी. काही वर्षांत त्याची माती होते. तुमच्या भट्टीतलं जे उरतं, ते पुरलं तर हजारो वर्षं त्याची माती होत नाही. जे पुरल्यावर माती होत नाही, ते माणसानं घरात आणू नये.” दाजींनी ओल्या मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मग म्हणाले, “हे मला कुठल्या गणितात बसवता येत नाही.” त्यानंतर तीन रविवार त्यांनी हा विषय काढला नाही. चौथ्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या, नमस्कार न करता म्हणाले, “कोळशाची राख तर आपण पुरतपण नाही. श्वासातच घेतो. ते तुमच्या हिशेबात कुठं आहे?” ते नव्हतं. मी ते लिहून घेतलं.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. उभ्या जन्मात तंबाखू नाही, सुपारी नाही. पस्तीस वर्षं खडूची धूळ, एवढंच. अक्का म्हणाली, “वर्गात ओरडून ओरडून झालं,” आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी ती तसंच म्हणत राहिली. किरणोपचार ठरले. मी रजा टाकून पहिल्या आठवड्याला त्यांच्याबरोबर गेलो. बाकावर बसून नंबरची वाट बघताना त्यांना हसवावं म्हणून म्हणालो, “बघा दाजी, शेवटी तुमचा अणू तुमच्याच कामाला आला. हा मुद्दा तुम्हाला दिला.” तेव्हा त्यांचा आवाज फाटलेला होता, तरी त्यांनी मान हलवली. “न्हाई, साळेबुवा. हे यंत्र विजेवर चालतं. यात भट्टीतलं काही नाही. जुन्या यंत्रात कोबाल्ट असायचं, ते भट्टीत तयार व्हायचं. हा मुद्दा माझा नाही, खोडा.” मी वहीतून तो मुद्दा खोडला. घशात गाठ असलेला माणूस, फुकट मिळालेला मुद्दा परत करत होता... शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मला विचारलं, “तुमचे साहेब कशाचं खोडा म्हणून राहिले?” मी म्हणालो, “हिशेब आहे.”

निरोप आला त्या दिवशी मी साडेअकराच्या एसटीत बसलो. पाऊस आठवडाभर लागून होता. लोह्याच्या अलीकडे ओढ्याला पाणी आलं आणि गाडी अडली. कंडक्टर म्हणाला, “उतरलं तर जाऊ, न्हाईतर बसा.” अडीच तास बसलो. आमच्या भागात पाणी नाही, हा मुद्दा मी सतरा वर्षं वापरला होता आणि त्या दिवशी मी पाण्यामुळे पोचत नव्हतो. हे सांगायला माझ्याकडे एकच माणूस होता. सवयीने हात खिशातल्या फोनकडे गेला, मग मी हात परत काढून घेतला. नांदेडला पोचलो तेव्हा खड्डा अर्धा भरला होता. त्यांची मुलगी हैदराबादहून माझ्याआधी पोचली होती. दाजींचा चेहरा मला दिसला नाही. मी तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झालो.

पुढचे रविवार कठीण गेले. ऑगस्टचे आकडे आले, मी वहीत उतरवले. उतरवल्यावर काय करायचं ते कळेना. बायको म्हणाली, “मला वाचून दाखवा.” मी वाचले. ती बिचारी मन लावून ऐकत होती, पण कुठेही टकटक करत नव्हती. ज्याला पटत नाही असं कोणी समोर नसलं, की आकडा नुसता आकडा राहतो. ऑफिसात चाळीस माणसं आहेत. अणुवीज हवी की नको, हे त्यांतल्या एकालाही मनापासून विचारावंसं वाटत नाही आणि सांगावंसंही वाटत नाही.

दसऱ्याला मी नेहमीसारखा नांदेडला गेलो. खिशात चार पानं होती, ती कुणाला द्यायची हे ठरवलं नव्हतं. अक्काने चहा दिला आणि आतून एक डबी आणून माझ्यासमोर ठेवली. डबीत तिची बोरमाळ होती.

“तोळ्याला थोडी जादाच हाय,” ती म्हणाली. “घे.”

“अक्का, कशाचं काढलंस हे?”

“कागद हाय माझ्याकडं. अप्पांची सही हाय. आज पंचवीसचा दसरा. ते हरले का न्हाई, एवढं सांग.”

मी म्हणालो, पैज म्हणजे गंमत होती. ती म्हणाली, “सतरा वर्षं आठवड्याच्या आठवड्याला गंमत करत होते का दोघं? माझा नवरा आयुष्यात कुणाचं देणं ठेवून राहिला न्हाई. मातीत बसवलंय त्यांना, डोक्यावर बोजा देऊन न्हाई बसवलं. हरले का न्हाई?”

आता इथे माझी खरी परीक्षा होती. नाही म्हटलं की बोरमाळ तिच्या गळ्यात राहणार होती. तिच्याकडे सोनं म्हणून तेवढंच उरलं होतं, बाकीचं दवाखान्यात गेलं होतं, हे मला माहीत होतं. आकडे तिला कळत नाहीत, मी काहीही सांगितलं असतं तर तिने मानलं असतं. पण दवाखान्यातल्या बाकावरचं ते ‘खोडा’ माझ्या कानात होतं. आणि आकडा चुकीचा सांगायला माझी जीभ वळत नाही.

“शंभरात जेमतेम तीन, अक्का,” मी म्हणालो. “पण पुरतं ऐक. २००८ पासून देशातली एकूण वीज दुपटीहून जास्त झाली. त्यांची अणुवीज तिपटीहून जास्त झाली. म्हणजे ती वाढली, बाकीच्यांपेक्षा जोरात वाढली, पण पंगतच एवढी मोठी झाली की तिचा वाटा तेवढाच दिसतो. भट्ट्या बांधायला दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं लागतात. कोकणातली मोठी अजून कागदावर आहे. पैसा लागतो, जागा लागते, लोकांचा होकार लागतो. पण रात्री, वारा पडलेला आणि धरण आटलेलं असताना, धूर न काढता चालते ती तीच. हे मीच आता म्हणतो. सौर पट्ट्या माझ्या गच्चीवर आहेत आणि रात्री त्या किती युनिटं देतात, ते मला ठाऊक आहे. शून्य.”

“म्हणजे हरले.”

“पैजेच्या कागदाप्रमाणे, हाव. हरले.”

“मग घे,” अक्का म्हणाली आणि डबी माझ्याकडे सरकवली.

मी डबीला हात लावला नाही. थोडा वेळ काढावा म्हणून म्हणालो, कागदाच्या दोन्ही प्रती समोर पाहिजेत. माझी प्रत पाकिटात होती, अक्का म्हणत होती तो कागद दाजींची प्रत असणार. ती म्हणाली, “त्यांच्या तराजूच्या पेटीत हाय, तिथंच ठेवलाय मी परत.” निवृत्त झाले तेव्हा शाळेने प्रयोगशाळेतला जुना काचेच्या पेटीतला तराजू त्यांना भेट दिला होता. पितळी वजनांसकट तो खिडकीशी असायचा. पेटीचा खालचा खण मी उघडला. कागद वरच होता. मजकूर माझाच, फक्त ‘एक तोळा सोनं’च्या आधी, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात ‘दसऱ्याचं’ असा शब्द घुसवलेला होता. शाई वेगळी होती. तो शब्द कधी लिहिला हे सांगता येणार नाही, पण सहीच्या दिवशीचा नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो.

कागदाखाली उत्तरपत्रिकांच्या पुरवणीची एक पुडी होती. त्यात वाळलेली आपट्याची पानं. मी मोजली, अडुसष्ट भरली. सतरा दसरे, दरवेळी चार. टाळेबंदीच्या वर्षीची चार माझ्या पाकिटातच होती, मागे माझा आकडा. पुडीवर यंदाच्या उन्हाळ्यातली तारीख घालून दाजींनी लिहिलं होतं, अक्षर थोडं हललेलं : ‘शंभरात दहा होत नाही. मान्य. साळेबुवांचंच सोनं साळेबुवांना देणे. आज वजन ११.०१ ग्रॅम. तोळ्याला ११.६६ लागतं. अजून एक दसरा लागतो.’

मी ते अक्काला वाचून दाखवलं. तिने पुडी हातात घेतली, नाकाशी नेली, खाली ठेवली. “मला म्हणायचे, कचरा टाकू नको खणातला, देणं हाय ते,” ती म्हणाली. मग तिने स्वतःच डबीचं झाकण लावलं.

खिशातली चार पानं मी पुडीत घातली. ओली पानं जड भरतात, ते वजन दाजींनी धरू दिलं नसतं. म्हणून पुडी लातूरला आणली, वहीखाली ठेवून पानं पुरती वाळू दिली आणि परवा ओळखीच्या सराफाकडे जाऊन काट्यावर टाकली. सराफ एकदा पानांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. ११.६३ भरली. तीन शतांश कमी. तेवढी तूट मी सोडली.

पावती दोन प्रतींत केली, एक अक्काकडे पाठवली. ‘२०२५ च्या दसऱ्याचं एक तोळा सोनं दाजींकडून मला पोचलं. बाकी काही नाही.’ सही माझी. साक्षीदाराची जागा रिकामी आहे.